हिरडीसमोर कॅमेरा धरण्याआधी

एमडीएसच्या पहिल्या वर्षाला असताना मी एका पेशंटच्या काळ्या हिरड्यांवर उपचार केले आणि आधीचे-नंतरचे फोटो सेमिनारमध्ये मोठ्या ऐटीत दाखवले. आधीचा फोटो खुर्चीवरच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात काढलेला, नंतरचा फ्लॅश लावून. सर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हिरडी गोरी कोणी केली? तू, की फ्लॅशनं?" वर्ग हसला, मीही हसले. रात्री होस्टेलवर दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा कळलं की पहिल्या फोटोत दातही पिवळे होते आणि दुसऱ्यात दातही पांढरे झाले होते. दातांना तर मी हातसुद्धा लावला नव्हता.

हिरड्यांच्या सौंदर्योपचारांकडे वळलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न भेटतो. किडलेला दात भरला की भरलेला दिसतो. हिरडीचं काम मात्र एक-दोन मिलिमीटरांत आणि रंगाच्या एखाद्या छटेत चालतं. मुळावरून मागे सरलेली हिरडी टाळूचा तुकडा लावून पुन्हा जागेवर आणायची. हसताना फार दिसणारी हिरडी छाटून दात त्यांच्या खऱ्या उंचीचे दिसू द्यायचे. मेलॅनिनने काळसर झालेला वरचा पापुद्रा सुरीने किंवा डायोड लेझरने काढायचा. दोन दातांमधला काळा त्रिकोण भरून येतो का ते पाहायचं. त्रिकोणाचंच घ्या. टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवलं, की दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथपासून हाडापर्यंतचं अंतर ५ मिमी किंवा त्याहून कमी असेल, तर मधली हिरडी ती जागा जवळपास नेहमीच भरते. ६ मिमीला हे प्रमाण ५६ टक्क्यांवर येतं, ७ मिमीला २७ टक्क्यांवर. एका मिलिमीटरने एवढं बिनसत असेल, तर कॅमेरा एकदा वरून आणि एकदा खालून धरणाऱ्याने आपल्या निकालाबद्दल फार बोलू नये.

दंतवैद्यक आणि फोटोग्राफी तशा एकाच पिढीच्या. दागेरची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ साली, बाल्टिमोरचं दंतमहाविद्यालय निघालं १८४० साली. त्याच १८४० मध्ये न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर वोलकॉटने कॅमेऱ्याचं अमेरिकन पेटंट मिळवलं, आणि हा गृहस्थ दातांच्या डॉक्टरांसाठी सामान बनवायचा. पुढे १९५२ मध्ये लेस्टर डाइनने लेन्सभोवती बसणारा गोल फ्लॅश तयार केला, तोही तोंडाच्या आत उजेड पोचावा म्हणूनच. फॅशनच्या मासिकांत मॉडेलच्या डोळ्यांत पांढरं कडं चमकताना दिसतं ना, ते मूळचं दाढांसाठी होतं.

आता प्रत्यक्ष खुर्चीपाशी येऊ. रिट्रॅक्टर आधी पाण्यात बुडवून घ्या. कोरड्या ओठाला कोरडं प्लॅस्टिक चिकटतं आणि पेशंट पहिल्याच क्षणी दचकतो. तोंड पूर्ण उघडायला सांगू नका. अर्धवट उघडं असलं की ओठ सैल राहतो, मग रिट्रॅक्टर बाहेरच्या बाजूला आणि किंचित पुढे, म्हणजे आपल्याकडे ओढता येतो. लाळेचा बुडबुडा सक्शनने काढा, हवेच्या हलक्या फवाऱ्याने हिरडी कोरडी करा. निरोगी हिरडीवर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत पोत असतो, तो ओल्या हिरडीवर फ्लॅशच्या चकाकीत बुडून जातो. मॅक्रो लेन्सवर प्रमाण एकदा ठरवलं, समजा १:२, की फोकसच्या रिंगला हात लावायचा नाही. श्वास रोखून स्वतःच पुढे-मागे व्हायचं. छिद्र एफ/२२ च्या आसपास, फोकस मधल्या दोन दातांवर न धरता त्यांच्या शेजारच्या दातावर. दातांची चावण्याची रेषा चौकटीच्या खालच्या कडेला समांतर. टाळूच्या बाजूच्या फोटोला आरसा लागतो, तोही समोरच्या पृष्ठभागावर मुलामा असलेला. घरच्या आरशात प्रत्येक दात जोडीने येतो. आरसा कोमट पाण्यात ठेवला तर श्वासाची वाफ धरत नाही. हे सगळं करताना तुमचे दोन्ही हात कॅमेऱ्यावर असतात, तेव्हा शिकवून तयार केलेली असिस्टंट हे या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं उपकरण. कॅमेऱ्याच्या मॉडेलबद्दल नंतर बोलू.

नवखे हमखास चुकतात ती एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. सुरुवातीचा फोटो भूल देण्याआधी घ्यायचा. लिग्नोकेनमध्ये ॲड्रिनलिन असतं, रक्तवाहिन्या आकसतात आणि हिरडी फिकट पडते. भूल दिल्यावर आठवण होऊन काढलेला 'आधीचा' फोटो रंगाच्या बाबतीत निरुपयोगी. तसंच, दात साफ करून सूज उतरल्यावरच मूळ नोंद घ्या. नाहीतर स्केलिंगचं श्रेय शस्त्रक्रियेच्या खात्यात जमा होतं.

आणि 'नंतर' म्हणजे नक्की कधी? टाके काढल्याच्या दिवशी सगळ्यांचंच काम छान असतं. छाटलेली हिरडी पुढचे काही महिने दातावर थोडी परत चढू शकते. टाळूचा तुकडा लावलेल्या जागी कधी उलटं, सुखद घडतं: महिन्यांमागून महिने हिरडी आपण होऊन मुळावर आणखी सरकते. काढलेला काळेपणा तर परतण्याबद्दल प्रसिद्धच आहे, कारण रंग बनवणाऱ्या पेशी आजूबाजूच्या हिरडीतून पुन्हा येतात. म्हणून एक महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष, आणि दर वेळी तोच कोन, तोच उजेड, तेच प्रमाण. पेशंट वर्षाने येत नाही ही तक्रार खरी आहे. फुकट सफाईचं आमिष दाखवा, येतो.

काळ्या हिरड्यांबद्दल माझं मत लपवून ठेवत नाही. बहुतेक वेळा तो आजार नसतो. गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या हिरडीत रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते, फरक त्यांच्या कामाच्या वेगात असतो. लग्न ठरण्याआधी मुलीला घेऊन आई येते तेव्हा हे आधी बोलायला हवं. पण तंबाखू ओढणाऱ्याची हिरडी अधिक काळवंडते, आणि आपल्याकडे मिशेरी लावणाऱ्या बायका आहेत. त्यांचा फोटो काढताना नोंदीत सवय लिहा, किती वर्षं तेही लिहा. हिरडीवर पांढरा चट्टा दिसला तर सौंदर्याची गोष्ट तिथेच थांबवायची.

ओठाच्या फोटोंना वेगळी तऱ्हा लागते. "हसा" म्हटल्यावर माणूस कॅमेऱ्यासाठी हसतो आणि हिरडी अर्धीच दिसते. हिरडी फार दिसण्याची कारणं निराळी असतात: ओठ आखूड, ओठ जास्त वर उचलला जाणं, वरचा जबडाच उंचीला जास्त, किंवा दात हिरडीतून पुरता बाहेर न आलेला. शेवटच्या कारणात हिरडी छाटून भागतं, जबड्याच्या कारणात छाटून काहीच साधत नाही. ते ओळखायला ओठ निवांत असतानाचा, मनापासून हसतानाचा आणि बाजूने घेतलेला असे तिन्ही फोटो हवेत. मनापासूनच्या हसण्यासाठी आमच्या सिस्टर दोन-तीन चावट विनोद राखून आहेत.

संमती मराठीत घ्या आणि तीन गोष्टींसाठी वेगवेगळी घ्या: उपचारासाठी, शिकवण्यासाठी, प्रसिद्धीसाठी. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख मिटते हा गैरसमज आहे. माझ्या एका पेशंट आजींच्या हनुवटीवर गोंदण होतं, पट्टी डोळ्यांवर होती आणि त्यांच्या गावचा मुलगा पोस्टरसमोर उभा राहून म्हणाला, "या तर आमच्या आक्का." २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या आधीची ही गोष्ट, पण लाज कायद्याची वाट पाहत नाही. फोटो डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्यापूर्वी आक्कांना आठवा.

मोबाइलने चालेल का, हे मला दर कार्यशाळेत विचारतात. नोंदीसाठी चालेल, पण जवळ नेऊन नको. जवळून पुढचे दात फुगतात. थोडं लांब उभं राहून झूमची लेन्स वापरा, ब्यूटी मोड बंद करा. फोन स्वतःच्या अकलेने हिरडी गुळगुळीत आणि गुलाबी करतो, आणि आपण दाखवायला निघालो आहोत नेमका पोत आणि रंग.

पुढची प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचा. घाई असेल तर शेवटच्या प्रकरणापासून सुरू करा. तिथे फसलेल्या तीन केसेस त्यांच्या सगळ्या फोटोंसह दिल्या आहेत. पहिल्यातला पहिला फोटो पिवळा आहे.