गेम कन्सोलची किंमत आणि डिस्कचे युद्ध

सोनी कंपनीचे 'प्लेस्टेशन ३' २७ एप्रिल २००७ रोजी भारतात अधिकृतपणे विक्रीस आले, तेव्हा त्याची किंमत होती ३९,९९० रुपये. त्याच्या सात महिने आधी, सप्टेंबर २००६ मध्ये, मायक्रोसॉफ्टचे 'एक्सबॉक्स ३६०' दाखल झाले होते. त्याची साधी आवृत्ती १९,९९० रुपयांना, तर हार्ड डिस्कसह येणारी आवृत्ती २३,९९० रुपयांना मिळत होती. गिरगावालगतच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, चौकशी करणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने दोन्ही यंत्रे एकाच कामाची होती. मग सोळा हजारांचा फरक कशासाठी? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग यंत्राच्या पोटातील डिस्क ड्राइव्हमध्ये दडलेला होता. ग्राहक खेळाचे यंत्र घेत होता. पण त्याबरोबर तो दोन उद्योगसमूहांच्या लढाईत एका बाजूचा खर्चही उचलत होता.

एकच किरण, दोन वाटा

डिस्कवरील सूक्ष्म खुणा लेसर किरणाने वाचल्या जातात. किरणाची तरंगलांबी जितकी कमी, तितक्या बारीक खुणा वाचता येतात आणि तितकी जास्त माहिती त्याच आकाराच्या डिस्कवर मावते. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लेसर वापरला जातो. पुढच्या पिढीसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा लेसर निवडण्यात आला. इथपर्यंत दोन्ही गटांचे एकमत होते. मतभेद झाला तो डिस्कच्या रचनेवरून.

तोशिबाच्या पुढाकाराने आलेल्या एचडी डीव्हीडीमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत होता. साध्या डीव्हीडीतही तो तेवढाच आत असतो. त्यामुळे डीव्हीडी तयार करणाऱ्या कारखान्यांत थोडे फेरफार करून ही नवी डिस्क काढता येत असे. सोनी आणि तिच्या सहकारी कंपन्यांच्या ब्लू-रेमध्ये हा थर पृष्ठभागापासून केवळ ०.१ मिलिमीटरवर होता. त्यासाठी नवी यंत्रसामग्री आणि ओरखड्यांपासून रक्षण करणारे कठीण आवरण आवश्यक ठरले. मोबदल्यात क्षमता वाढली. एचडी डीव्हीडीच्या एका थरात १५ गिगाबाइट मावत, ब्लू-रेच्या थरात २५. दोन थरांच्या डिस्कमध्ये हेच प्रमाण ३० आणि ५० असे होते. थोडक्यात, एक वाट स्वस्त होती आणि दुसरी ऐसपैस.

किंमत ठरली कशी?

सोनीने ब्लू-रे ड्राइव्ह प्लेस्टेशन ३ च्या प्रत्येक नगात बसवला. मायक्रोसॉफ्टने नेमका उलटा मार्ग पत्करला. एक्सबॉक्स ३६० मध्ये साधा डीव्हीडी ड्राइव्ह ठेवून कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत एचडी डीव्हीडीचा वेगळा जोडड्राइव्ह १९९ डॉलरला विकायला काढला. ज्याला चित्रपट पाहायचे त्याने तो घ्यावा, बाकीच्यांवर त्याचा भार नको, असा हा हिशेब होता.

परिणाम किमतीत दिसला. अमेरिकेत एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये २९९ आणि ३९९ डॉलरला आले होते. वर्षभराने आलेल्या प्लेस्टेशन ३ ची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर होती. आयसप्लाय या संशोधन संस्थेने त्या वेळी केलेल्या अंदाजानुसार ६० गिगाबाइटच्या नगाचे सुटे भाग आणि जुळणी यांवरच सुमारे ८४० डॉलर खर्च होत होते. म्हणजे ५९९ डॉलरला विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे कंपनीला सुमारे २४० डॉलरचा तोटा होता. ब्लू-रे ड्राइव्हप्रमाणेच नवा 'सेल' प्रोसेसरही महाग होता. परंतु निळ्या लेसरच्या डायोडचा तुटवडा इतका होता, की युरोपातील विक्री मार्च २००७ पर्यंत पुढे ढकलावी लागली. मार्च २००७ अखेरच्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३२ अब्ज येनहून अधिक तोटा झाला.

हा तोटा सोसण्यामागे अनुभव होता. २००० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन २ मध्ये डीव्हीडी प्लेअर होता आणि त्यामुळे अनेक घरांत डीव्हीडीचा प्रवेश खेळाच्या यंत्रातून झाला. तीच युक्ती ब्लू-रेसाठी वापरायची, असा सोनीचा बेत होता. सत्तरच्या दशकात आलेली बेटामॅक्स व्हिडिओ कॅसेट व्हीएचएससमोर हरल्याची आठवणही कंपनीच्या गाठीशी होतीच.

मुंबईच्या बाजारातला हिशेब

भारतात हे गणित आणखी अवघड झाले. ५९९ डॉलर म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे २५ हजार रुपये. आयात शुल्क, कर आणि वितरणाचा खर्च धरून यंत्र ४० हजारांच्या घरात गेले. त्या रकमेतील ब्लू-रेचा वाटा वसूल व्हायचा, तर घरात हाय डेफिनिशन टीव्ही हवा. ब्लू-रेच्या १९२० बाय १०८० चित्रबिंदूंच्या चौकटीत आपल्याकडील डीव्हीडीच्या ७२० बाय ५७६ बिंदूंच्या नेमकी पाचपट माहिती असते. पण पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीवर हा फरक दिसत नाही. लालबाग, परळ, गिरगावच्या चाळींतच काय, दादरच्या फ्लॅटमध्येही २००७ साली बहुतेक घरांत असेच टीव्ही होते. दूरदर्शनचे हाय डेफिनिशन प्रक्षेपणही २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या वेळी सुरू झाले.

शिवाय या भागातील करमणुकीचा बाजार स्वस्ताईवर उभा होता. रात्रीपुरता भाड्याने आणलेला व्हीसीआर, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी, अशा पायऱ्यांनी सिनेमा घरात आला होता. ब्लू-रे भारतात पोचत असतानाच मोझर बेअर या भारतीय कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली. पदपथावरील नकली मालाला किमतीनेच उत्तर द्यायचे, हा त्यामागचा हेतू होता. एका प्लेस्टेशन ३ च्या किमतीत अशा अकराशेहून अधिक डीव्हीडी आल्या असत्या. चित्र पाचपट स्पष्ट असले, तरी एवढा फरक सामान्य कुटुंबाच्या अंदाजपत्रकात बसणारा नव्हता. म्हणूनच जुने, स्वस्त झालेले प्लेस्टेशन २ आपल्याकडे दीर्घकाळ तग धरून राहिले. 'हनुमान : बॉय वॉरियर' हा भारतात तयार झालेला खेळ २००९ मध्ये आला, तोही प्लेस्टेशन २ साठीच.

परदेशातील नातेवाइकांकडून डिस्क मागवणाऱ्यांसाठी आणखी एक गुंतागुंत होती. प्लेस्टेशन ३ च्या खेळांवर सहसा प्रदेशबंदी नव्हती. त्यामुळे अमेरिकेतून आणलेला खेळ येथे चालत असे. ब्लू-रे चित्रपटांसाठी मात्र जगाचे अ, ब, क असे तीन विभाग पाडलेले होते. अमेरिका पहिल्या विभागात, भारत तिसऱ्यात. तेथून आलेला चित्रपट येथे चालेलच याची खात्री नव्हती. एचडी डीव्हीडीला अशी विभागणी नव्हती; पण त्या सोयीचा लाभ घेण्याआधीच तिचा खेळ आटोपला.

निकाल आणि त्याची किंमत

२००७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील वॉलमार्टने तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर १०० डॉलरच्या आत विकला. स्वस्ताईच्या बळावर लढाई जिंकण्याचा तो शेवटचा मोठा प्रयत्न ठरला. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने यापुढे केवळ ब्लू-रेवर चित्रपट काढण्याचे जाहीर केले. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स आणि वॉलमार्ट त्याच बाजूला गेले आणि १९ फेब्रुवारी रोजी तोशिबाने माघार घेतली. खेळासाठी घेतलेली लाखो प्लेस्टेशन ३ यंत्रे घरोघरी ब्लू-रे प्लेअर म्हणून आधीच उभी होती. चित्रपट कंपन्यांना ग्राहक आयता मिळाला होता.

मात्र विजय स्वस्तात पडला नाही. प्लेस्टेशन २ ची विक्री १५ कोटी ५० लाखांवर गेली होती, प्लेस्टेशन ३ ची सुमारे ८ कोटी ७० लाखांवर थांबली. एक्सबॉक्स ३६० ने ८ कोटी ४० लाखांचा टप्पा ओलांडला, तर डीव्हीडी चित्रपटही न दाखवणारे, २५० डॉलरचे निन्टेन्डो वी १० कोटींच्या पुढे गेले. डिस्कचे युद्ध जिंकताना सोनीने कन्सोलच्या बाजारातील निर्विवाद आघाडी गमावली. मायक्रोसॉफ्टनेही वाचवलेल्या खर्चाची किंमत वेगळ्या रूपाने मोजली. 'फायनल फँटसी १३' हा खेळ प्लेस्टेशन ३ वर एका डिस्कमध्ये मावला, एक्सबॉक्स ३६० वर त्याला तीन लागल्या. २०१३ च्या एक्सबॉक्स वनमध्ये मायक्रोसॉफ्टने अखेर ब्लू-रे ड्राइव्हच बसवला.

डिस्कलाच पर्याय

पुढे इंटरनेटवरून चित्रपट पाहणे रुळले आणि जिंकलेली डिस्कही मागे पडू लागली. २८ रुपयांची व्हीसीडी विकणारी मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाली. २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीने लिहिता येण्याजोग्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले.

प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आले ते दोन रूपांत : डिस्क ड्राइव्हसह ४९,९९० रुपयांना आणि ड्राइव्हविना ३९,९९० रुपयांना. २००७ साली किमतीत मिसळून गेलेला ड्राइव्हचा भार आता दहा हजार रुपये म्हणून वेगळा दिसत होता. पण दहा हजार वाचवणाऱ्याने आणखी काही सोडून दिले. डिस्क खेळून झाल्यावर शेजारच्या खोलीतल्या मित्राला देता येते, दुकानात अर्ध्या किमतीला विकता येते, जुनी स्वस्तात घेता येते. डाउनलोड केलेला खेळ खात्याशी बांधलेला असतो. तो पुन्हा विकता येत नाही आणि त्याचा दर कंपनीच्या दुकानात ठरेल तोच द्यावा लागतो. महाग खेळ चौघांत फिरवून परवडवणाऱ्या मुलांसाठी ड्राइव्हविना यंत्राची स्वस्ताई पहिल्या दिवसापुरतीच असते. म्हणून कन्सोल घेताना यंत्राच्या किमतीबरोबर पुढील तीन-चार वर्षांत घ्यायच्या खेळांचाही हिशेब मांडणे श्रेयस्कर ठरते.