पिशवीवरची मुदत

नवा मोबाइल ऑनलाइन घेताना पैसे भरायच्या आधी स्क्रीनवर एक छोटा चौकोन येतो. आणखी एक वर्षाची वॉरंटी हवी का? काही जण टिक करतात, बाकीचे वैतागून पुढे जातात. असे चौकोन चालवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. वाढीव वॉरंटीची योजना उभी करायची तर चार प्रश्नांची उत्तरं आधी ठरवावी लागतात. वचन नेमकं कशाचं? ते कधी संपतं? भरपाईचे पैसे कुठून येणार? आणि दोष वस्तूतच होता, हे कोणी सिद्ध करायचं?

मी जालन्याचा. आमच्याकडे हे प्रश्न मोबाइल यायच्या कितीतरी आधी विचारले गेले, आणि तेही बियाण्याच्या पिशवीबद्दल.

पूर्वी शेतकरी स्वतःच्याच पिकातलं चांगलं कणीस निवडून पुढच्या वर्षासाठी बी राखून ठेवायचा. ते कसं उगवतं हे त्याला ठाऊक असायचं. वॉरंटीची गरजच नव्हती. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात 'महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी', म्हणजे महिको, सुरू केली. संकरित वाणाचं बी घरी राखून पुन्हा पेरलं तर पहिल्या पिढीचा जोम टिकत नाही. म्हणून दरवर्षी नवी पिशवी घ्यावी लागते. बी आता अनोळखी झालं होतं. शेतकरी दाण्यांसोबत पिशवीवर छापलेलं वचनही विकत घेऊ लागला.

त्या वचनाला कायद्याची चौकट १९६६ च्या बियाणे कायद्याने दिली. अधिसूचित वाणांच्या उगवणशक्तीची आणि शुद्धतेची किमान मर्यादा ठरली, ती लेबलवर छापणं बंधनकारक झालं. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण, संकरित कापसाला ७५, हरभऱ्याला ८५. म्हणजे शंभर दाण्यांतले तीस सोयाबीन उगवले नाहीत, तरी कागदावर वचन पाळलेलंच असतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतकं मोजूनमापून दिलेलं मी इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही वॉरंटी कार्डावर वाचलेलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात आवडतं. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने असते. ती आणखी सहा महिने वाढवता येते, पण त्यासाठी बियाणं पुन्हा प्रयोगशाळेत तपासून घ्यावं लागतं आणि ते पुन्हा पास व्हावं लागतं. आपण मोबाइलची वॉरंटी पैसे देऊन वाढवतो. बियाण्याची मुदत पुरावा देऊन वाढते. पहिल्यात ग्राहक फी भरतो, दुसऱ्यात विकणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते.

हा फरक का पडतो, ते इंजिनिअरिंगला शिकवल्या जाणाऱ्या एका आलेखातून कळतं. बाथटबसारख्या दिसणाऱ्या या आलेखात यंत्रं सुरुवातीला जास्त बिघडतात, मधली वर्षं शांत जातात आणि म्हातारपणी पुन्हा बिघाड वाढतो. वाढीव वॉरंटी बहुधा त्या मधल्या शांत वर्षांची असते. दावे कमी येतात, म्हणून धंदा परवडतो. बियाण्याची परीक्षा मात्र पेरणीनंतर आठ-दहा दिवसांतच होते. तिथे चुकलं की दुबार पेरणी, पुन्हा खत, पुन्हा मजुरी. आणि तोवर पाऊस थांबेलच असं नाही. मोबाइल बदलून मिळतो. मृगाचा पाऊस बदलून मिळत नाही.

तिसरा प्रश्न पैशांचा. बियाणं उगवलं नाही तर पिशवीची किंमत परत करायची, की गेलेल्या हंगामाची? इथेच चौथा प्रश्न येतो, आणि त्यावर भांडण कोर्टात गेलं. १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात आंध्रातल्या शेतकऱ्यांनी महिकोविरुद्ध लढवलेल्या ग्राहक तक्रारीचा निकाल लागला. मुद्दा असा होता, की सदोष बियाणं प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय भरपाई कशी द्यायची? पण शेतकऱ्याने तर सगळं बी पेरून टाकलेलं. न्यायालयाने कंपनीचं म्हणणं मान्य केलं नाही. २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात हेच आणखी स्पष्ट झालं: शेतकरी हा ग्राहक आहे, तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, आणि पुढे भांडण होईल म्हणून त्याने थोडं बी बाजूला काढून ठेवावं अशी अपेक्षा धरता येत नाही. त्या लॉटचं बियाणं कंपनीकडे असतं. तपासून घ्यायचं तर तिने घ्यावं.

मधल्या काळात राज्याने २००९ मध्ये कापूस बियाण्यासाठी वेगळा कायदा केला, त्यात भरपाईची तरतूद आली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हा मराठवाडा-विदर्भातले शेतकरी याच कायद्याखालचे जी फॉर्म भरायला रांगेत उभे राहिले. बी व्यवस्थित उगवलं होतं. बीटीचं बोंडअळीविरुद्धचं वचन मात्र टिकलं नव्हतं. कंपन्यांचं म्हणणं, कडेने बिगर-बीटीच्या ओळी लावल्या नाहीत म्हणून अळीत प्रतिकारशक्ती आली. शेतकऱ्याचं म्हणणं, आम्ही जास्तीचे पैसे अळी येणार नाही यासाठीच मोजले होते. वचन उगवणीपर्यंतचं की बोंड फुटेपर्यंतचं, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

मला यातून एक गोष्ट पटली आहे. वॉरंटीची खरी लांबी पुराव्याचं ओझं कोणाच्या डोक्यावर आहे त्यावरून ठरते. पाच वर्षांचं कार्ड दिलं आणि बिघाड सिद्ध करायची जबाबदारी ग्राहकावर टाकली, तर ते कार्ड पाच दिवसांचंही नाही. म्हणून योजना आखताना मी लॉट नंबर, चाचणीची तारीख आणि निकाल कंपनीच्या बाजूला साठवायचा आग्रह धरतो. ज्याच्याकडे माहिती आहे, त्यानेच बोलावं.

तुमच्या घरी शेती असेल तर या जूनमध्ये एक करा. पिशवी खालच्या बाजूने फोडा, म्हणजे वरचा टॅग शाबूत राहील. टॅग, पावती आणि मूठभर बी जपून ठेवा, टॅगचा फोटो काढा. उगवण कमी दिसली तर रान मोडायच्या आधी तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पंचनामा करून घ्या. न्यायालय तुमच्याकडून हे सगळं मागत नाही, पण हाताशी असलं तर हंगाम गेल्यावर हेलपाटे कमी होतात.