संशोधन-अहवाल

संशोधन-अहवाल : एखाद्या प्रश्नाविषयी पद्धतशीरपणे केलेल्या संशोधनाची, त्यातून हाती आलेल्या फलितांची व त्यांवरून काढलेल्या निष्कर्षांची लेखी मांडणी. शोधनिबंध, पदवीसाठी सादर केलेला प्रबंध आणि एखाद्या संस्थेला दिलेला वृत्तांत हे त्याचे प्रमुख प्रकार होत. प्रस्तावना, पद्धती, फलिते व चर्चा हा त्याचा क्रम आज स्वाभाविक वाटत असला, तरी तो सु. तीन शतकांत घडत गेला. संशोधनाच्या जागी हजर नसलेल्या वाचकाला लेखकाचे म्हणणे तपासून पाहता यावे, ही गरज त्याच्या मुळाशी आहे.

सतराव्या शतकात विद्वान आपले शोध ग्रंथांतून किंवा खाजगी पत्रांतून कळवीत. १६६५ च्या जानेवारीत पॅरिस येथे झुर्नाल दे साव्हां आणि मार्चमध्ये लंडन येथे फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स ही नियतकालिके निघाली. दुसऱ्याचे संपादक हेन्री ओल्डेनबर्ग हे रॉयल सोसायटीचे चिटणीस होते व त्यांना आलेली पत्रे त्यात छापली जात. म्हणून आरंभीच्या निबंधांचा घाट पत्राचाच राहिला. रॉबर्ट बॉइल (१६२७–९१) यांनी हवेच्या स्थितिस्थापकतेवरील १६६० च्या ग्रंथात हवा उपसण्याच्या पंपाची आकृती, प्रयोगांतील बारकावे आणि फसलेले प्रयोगही नोंदविले. त्यामुळे प्रयोग प्रत्यक्ष न पाहणाराही एक प्रकारे त्याचा साक्षीदार ठरे. आयझॅक न्यूटन यांचा प्रकाश व रंग यांविषयीचा संक्षिप्त निबंध १६७२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर अनेक आक्षेप घेतले गेले आणि लोलकाच्या प्रयोगांचा अधिक तपशील न्यूटन यांना नंतरच्या पत्रांतून द्यावा लागला. पद्धतीचे वर्णन अपुरे असेल, तर बिनचूक निष्कर्षही वादात सापडतो, हे यावरून दिसून येते. १७५२ मध्ये रॉयल सोसायटीने हे नियतकालिक आपल्याकडे घेतले आणि निबंधांच्या निवडीसाठी समिती नेमली.

इतिहास व भाषा यांच्या अभ्यासात प्रयोगाची जागा मूळ साधनांनी घेतली. जर्मन इतिहासकार लेओपोल्ट फोन रांके (१७९५–१८८६) यांनी १८२४ मधील आपल्या पहिल्या ग्रंथाला पूरक ग्रंथ जोडून पूर्वीच्या इतिहासकारांची विश्वसनीयता तपासली. महाराष्ट्रात वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडशः प्रसिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत संहितेखाली पाठभेद दिलेले आहेत. संपादकांचा निर्णय पटला नाही, तर वाचकाला तेथल्या तेथे दुसरा पाठ पाहता येतो. तळटीप व पाठभेद यांचे कार्य प्रयोगशास्त्रातील पद्धतीच्या विभागासारखेच आहे.

विसाव्या शतकात निबंधांची संख्या वाढली आणि हवा तो मजकूर चटकन सापडेल अशी ठरीव रचना आवश्यक झाली. चार विभागांचा क्रम वैद्यकीय नियतकालिकांत १९४० नंतर रुळू लागला व १९८० पर्यंत जवळजवळ सार्वत्रिक झाला. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये त्यामागील चार प्रश्न सांगितले : काम का हाती घेतले, काय केले, काय आढळले आणि त्याचा अर्थ काय. या विभागणीचे मर्म शेवटच्या दोन प्रश्नांच्या फारकतीत आहे. जे आढळले ते फलितांत व त्यावरून जे वाटते ते चर्चेत मांडल्याने, लेखकाचे अनुमान नाकारूनही वाचकाला त्याच्या निरीक्षणांचा उपयोग करता येतो. शीर्षक व सारांश बहुधा सर्वांत आधी वाचले जातात. मात्र सारांश सर्वांत शेवटी लिहिणे सोयीचे असते. अभ्यासाच्या मर्यादा चर्चेत स्पष्टपणे सांगाव्यात, असा संकेत आहे.

या ठरीव साच्यावर टीकाही झाली. नोबेल पारितोषिकाचे मानकरी पीटर मेडावर (१९१५–८७) यांनी १९६३ च्या एका भाषणात असा आक्षेप घेतला, की शोधनिबंधात निरीक्षणे आधी व विचार नंतर आल्याचा आभास निर्माण होतो. प्रत्यक्षात निरीक्षणापूर्वीच संशोधकाच्या मनात काही गृहीतक असते. निष्कर्ष हाती आल्यावर त्याला जुळेल असा प्रश्न प्रस्तावनेत घालण्याची वाटही या साच्यात मोकळी राहते. तिला आळा घालण्यासाठी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ पासून औषधादी उपचारांच्या चाचण्यांची पूर्वनोंदणी ही प्रसिद्धीची अट केली. त्यामुळे आधी योजलेला प्रश्न आणि अहवालात छापलेला प्रश्न यांची तुलना करता येते. अहवालाचा क्रम हा संशोधन घडल्याचा क्रम नसून ते पडताळून पाहण्याचा क्रम आहे, हे ध्यानी घेतल्यास त्याच्या प्रत्येक विभागाचे प्रयोजन स्पष्ट होते.