रक्तातली साखर पाच सेकंदांत कळते, मग लेप्टो का कळत नाही? बायोसेन्सर कसं काम करतो?

पावसाळ्यात, भाताची लावणी सुरू असताना सिंधुदुर्गात कुणाला ताप आला की पहिली शंका येते ती लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजेच लेप्टोची. देवगड तालुक्यातल्या मिठबावसारख्या किनाऱ्यावरच्या गावात रक्तातली साखर घरबसल्या मोजता येते. पण ताप लेप्टोचाच आहे का, याची खात्री करायला रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

थेंब दोन्हीकडे रक्ताचाच, मग असा फरक का?

इलेक्ट्रोकेमिकल बायोसेन्सर म्हणजे काय?

घरातला ग्लुकोमीटर हा जगातला सर्वांत जास्त वापरला जाणारा इलेक्ट्रोकेमिकल बायोसेन्सर आहे. अशा सेन्सरचे दोन भाग असतात. एक भाग रक्तातला नेमका पदार्थ ओळखतो. दुसरा भाग म्हणजे इलेक्ट्रोड, तो त्या ओळखीचं रूपांतर विजेच्या प्रवाहात करतो.

ग्लुकोमीटरच्या पट्टीवर एन्झाइम असतं. ते ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि पट्टीवरचं दुसरं एक रसायन ते इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचवतं. साखर जितकी जास्त, तितका प्रवाह जास्त. यंत्र तो प्रवाह मोजून आकडा दाखवतं.

ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी 1962 मध्ये मांडली. 1987 मध्ये पेनाच्या आकाराचा ग्लुकोमीटर बाजारात आला. आयआयटी मुंबईतल्या संशोधनातून तयार झालेला 'सुचेक' हा भारतीय ग्लुकोमीटर 2014 मध्ये सादर झाला.

मग लेप्टोचं का जमत नाही?

पहिलं कारण प्रमाणाचं. एक मिलिलीटर रक्तात साधारण एक मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. आजार दाखवणारे पदार्थ याच्या तुलनेत नगण्य असतात. हृदयविकाराच्या झटक्यात तपासलं जाणारं ट्रोपोनिन ज्या पातळीवर शोधावं लागतं, ती ग्लुकोजच्या तुलनेत कोट्यवधी पटींनी कमी असते. 'आय-स्टॅट' हे हातात मावणारं यंत्र ते विजेच्या प्रवाहावरूनच मोजतं, म्हणजे हे अशक्य नाही. पण त्याची कार्ट्रिज साखरेच्या पट्टीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आणि महाग असते.

दुसरं कारण गर्दीचं. रक्तातली इतर प्रथिनं इलेक्ट्रोडला चिकटतात आणि आधीच क्षीण असलेला संकेत झाकून टाकतात.

तिसरं कारण वेळेचं. लेप्टोचे जंतू पहिल्या आठवड्यात रक्तात असतात. अँटिबॉडी मात्र साधारण पाच ते सात दिवसांनंतर सापडू लागतात. त्यामुळे अँटिबॉडी शोधणारी झटपट चाचणी सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते. नेमक्या याच दिवसांत अँटिबायोटिकचा उपयोग सर्वाधिक होतो. म्हणूनच डॉक्टर अनेकदा रिपोर्टची वाट न पाहता, लक्षणांवरून औषध सुरू करतात.

थेट जंतू किंवा त्याचा डीएनए पकडणाऱ्या इलेक्ट्रोडवर जगभर संशोधन सुरू आहे. पण त्यातलं बरंचसं अजून प्रयोगशाळेतच आहे.

सध्या कोणता पर्याय आहे?

गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं 'ट्रूनॅट' हे बॅटरीवर चालणारं यंत्र साधारण तासाभरात जंतूचा डीएनए किंवा आरएनए शोधतं. ते वीज नव्हे, तर प्रकाश मोजतं, त्यामुळे ते इलेक्ट्रोकेमिकल नाही. क्षयरोगाच्या निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याला मान्यता दिली. लेप्टोसाठी आणि 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात पसरलेल्या माकडतापासाठीही त्याच्या चिप तयार झाल्या आहेत.

हे लक्षात ठेवा

- ग्लुकोमीटरच्या पट्ट्या दमट हवेत खराब होतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर डबीचं झाकण लगेच घट्ट लावा.
- अंगात रक्त कमी असेल, तर साखरेचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो.
- शेतातल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. ताप आला तर 'मी शेतात काम केलं होतं' हे डॉक्टरांना आधी सांगा. झटपट चाचणी निगेटिव्ह आली, तरी ही माहिती उपचार ठरवायला मदत करते.