लाईटच्या खोलीबाहेरची सिस्टर

आमच्या बेळगाव भागात किरणोपचाराला किरणोपचार म्हणणारं माणूस विरळाच. कुणी ‘शेक’ म्हणतं, कुणी ‘लाईट’, कुणी ‘करंट’. नावातच भीती बसलेली. शेक म्हटलं की भाजणार, करंट म्हटलं की झटका बसणार. म्हणून त्या विभागातल्या सीनियर सिस्टरचं काम शब्दांपासूनच सुरू होतं. गरम लागत नाही, दुखत नाही, आणि घरी जाऊन नातवंडाला मांडीवर घेतलंत तरी त्याला काही होत नाही, हे ती दिवसातून किती वेळा सांगत असेल, देव जाणे!

पण ही सिस्टर तिथे आली कशी? तिची गोष्ट शंभर वर्षं मागे जाते.

1895 मध्ये जर्मनीत रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. 1898 मध्ये पॅरिसमध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी रेडियम शोधलं. दोन्हींचा वापर लवकरच उपचारासाठी होऊ लागला. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये रेडियमच्या बारीक नळ्या शरीरात काही तास, कधी काही दिवस ठेवत. लंडनमध्ये 1929 मध्ये अशा बायकांसाठी मारी क्युरींच्या नावाचं हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या डॉक्टरही बायकाच होत्या.

त्या काळी सिस्टरांनी काय काय सांभाळलं, ते वाचताना मी थक्क झाले. नळ्या लांब चिमट्याने उचलायच्या, शिशाच्या पेटीतून न्यायच्या, मोजून घ्यायच्या, मोजून परत करायच्या. बेडपॅन किंवा ड्रेसिंग टाकण्याआधी त्यात नळी गेली नाही ना, ते तपासायचं. पेशंटजवळ जास्त वेळ थांबायचं नाही हा नियम पुढे आला खरा, पण तळमळणाऱ्या बाईला लांबून पाणी कसं पाजणार? 1936 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात या किरणांपायी प्राण गमावलेल्यांचं स्मारक उभारलं गेलं. त्यावर सुरुवातीला 169 नावं होती. त्याच्या लेखात डॉक्टर आणि शास्त्रज्ञांबरोबर परिचारिकांचाही उल्लेख आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरा बदल पॅरिसमध्ये झाला. क्लोदियुस रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग करून दाखवलं की, किरण एकदम न देता थोडे थोडे करून दिले तर हवा तो परिणाम होतो आणि कातडीही वाचते. मग आंरी कुतार यांनी घशाच्या कॅन्सरच्या पेशंटना कित्येक आठवडे रोज थोडा थोडा डोस द्यायला सुरुवात केली. आजही सोमवार ते शुक्रवार, पाच-सहा आठवडे, असं जे चालतं त्याचं मूळ इथे आहे. माझ्या मते सिस्टरचं आजचं काम इथेच जन्मलं. उपचार एका दिवसाचा राहिला नाही, म्हणून पेशंटला रोज विचारपूस करणारं माणूस लागायला लागलं.

आपल्याकडे 28 फेब्रुवारी 1941 रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. 1951 मध्ये कॅनडात कोबाल्टच्या मशीनवर उपचार सुरू झाले आणि पुढे तसली मशीनं भारतातही आली. आता जाड भिंतींच्या खोलीत पेशंट काही मिनिटं एकटा असतो. मशीन टेक्निशियन चालवतात, डोस डॉक्टर आणि फिजिसिस्ट ठरवतात. सिस्टर खोलीबाहेर आली. पण पेशंटचे उरलेले तेवीस तास तिच्याच वाट्याला आले.

हे मी जवळून पाहिलं ते थोरल्या जाऊबाईंबरोबर 25 दिवस फेऱ्या मारताना. लाईट घेण्याआधी पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची असते. पिशवी भरलेली असली की आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला सरकतात. जाऊबाईंना वेळ मिळाली संध्याकाळची, आणि सूर्यास्तानंतर त्या पाणीही घेत नाहीत. त्या कुणाला काही बोलल्याच नाहीत. सिस्टरनेच विचारलं, “अक्का, पाणी का नको म्हणता?” कारण कळल्यावर तिने आत जाऊन सकाळची वेळ लावून आणली.

जुलाब सुरू झाले तेव्हा तिने ताक-भात, केळं, साबुदाण्याची पेज असं आपल्या स्वयंपाकघरातलंच सांगितलं. दर आठवड्याला वजन, रक्त तपासायला लावलं. दशलक्षण पर्व जवळ आलं, तशी म्हणाली, “व्रत सोडा असं मी कशी म्हणू? पण वजन दोन किलो उतरलंय, हे महाराजांना सांगा आणि मग विचारा.” महाराजांनी औषधपाण्याची मोकळीक दिली आणि उपास पुढच्या वर्षावर गेले.

शेवटी शेवटी तिने मला बाहेर बसवून दार लावून घेतलं. उपचारानंतर योनिमार्ग आकसतो, तो मोकळा राहावा म्हणून साधन कसं वापरायचं, नवरा-बायकोचे संबंध कधी सुरू करायचे, हे सगळं ती समजावत होती. जाऊबाईंनी नंतर मला एवढंच सांगितलं, “आईनंसुद्धा कधी इतकं सांगितलं नव्हतं गं.”

यात खरा प्रश्न जिवाचा आहे. या कॅन्सरचे बाहेरचे आणि आतले मिळून सगळे उपचार साधारण 8 आठवड्यांत पुरे व्हावेत असा दंडक आहे. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात. आणि बायका मध्येच का थांबतात? मुलीचं बाळंतपण, घरातलं लग्न, बसचं भाडं, जुलाबाची लाज. यातलं काहीच मशीनला दिसत नाही. सिस्टरला दिसतं, आणि ज्या दिवशी पेशंट येत नाही त्या दिवशी फोन तीच करते.

तेव्हा मैत्रिणींनो, घरातल्या कुणाबरोबर तिथे जायची वेळ आली, तर पहिल्याच दिवशी सिस्टरला गाठा. व्रतं, चालू गोळ्या, घरची अडचण, सगळं सांगा. आणि मध्ये एकदा दोघींना एकटं सोडून तुम्ही बाहेर बसा.