संख्या की नाव? : प्रक्रिया-क्रमांकाचा इतिहास आणि ठाणे-कल्याण परिसरातील संकेतांक

प्रस्तावना

संगणकावर चालू असलेल्या प्रत्येक प्रक्रियेस ऑपरेटिंग सिस्टीम एक क्रमांक देते. निरनिराळ्या प्रणालींवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये हा क्रमांक कोणत्या स्वरूपात साठवावा, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र अशा क्रमांकास संख्या मानावे की नाव, हा प्रश्न आहे. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील नागरी संकेतांकांबाबतही तोच उद्भवतो. प्रस्तुत लेखात या दोहोंचा एकत्रित विचार केला आहे.

प्रक्रिया-क्रमांकाची वाटचाल

१९७० च्या दशकात युनिक्स प्रणाली पीडीपी-११ या १६ बिटांच्या यंत्रावर वाढली. तेथे प्रक्रिया-क्रमांक हा साधा पूर्णांक होता व तो ३२,७६७ च्या पुढे जाऊ शकत नव्हता. पुढे युनिक्सच्या अनेक शाखा झाल्या व यंत्रेही बदलली. १९८८ च्या पॉझिक्स मानकाने या क्रमांकासाठी ‘पीआयडी_टी’ हा स्वतंत्र प्रकार ठरविला. तो चिन्हयुक्त पूर्णांक असावा एवढेच बंधन घालून त्याची रुंदी प्रत्येक प्रणालीवर सोपविली. चिन्हाला येथे अर्थ होता. प्रक्रियेस संदेश पाठविताना दिलेली ऋण संख्या सामान्यतः प्रक्रियांच्या गटाचा निर्देश करते.

१९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने ३२ बिटांचा चिन्हरहित पूर्णांक स्वीकारला. तेथे ऋण क्रमांकास स्थानच नाही. २०१७ मध्ये जावाच्या नवव्या आवृत्तीने ६४ बिटांचा पूर्णांक वापरून दोन्ही प्रकारच्या क्रमांकांना सामावून घेतले.

रुंदी वाढविल्याने साठवणुकीचा प्रश्न सुटला, ओळखीचा नाही. प्रक्रिया संपल्यावर तिचा क्रमांक दुसऱ्या प्रक्रियेस मिळू शकतो. जुन्या नोंदीवरून प्रक्रिया थांबविण्यास जावे तर भलतीच प्रक्रिया बंद पडण्याचा धोका असतो. म्हणूनच २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.३ आवृत्तीत चालू प्रक्रियेच्या क्रमांकावरून तिच्याशी थेट बांधलेली खूण मिळविण्याची सोय झाली.

परिसरातील संकेतांक

स्थळांचे संकेतांक प्रक्रिया-क्रमांकांपेक्षा दीर्घायुषी असतात. परंतु त्यांचाही अर्थ ज्या त्या व्यवस्थेपुरताच असतो. कल्याण स्थानक रेल्वेसाठी ‘केवायएन’, डोंबिवली ‘डीआय’ व ठाणे ‘टीएनए’ आहे. वाहननोंदणीत ठाण्यास एमएच ०४ व कल्याणास एमएच ०५ हे संकेतांक आहेत. यांतील शून्य संख्या म्हणून निरर्थक असले तरी नावाचा भाग म्हणून आवश्यक आहे.

संस्कृत पंडित व टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून साकारलेली पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिच्यातील पहिले तीन अंक टपालाच्या वर्गीकरणाचा जिल्हा दर्शवितात, महसुली जिल्हा नव्हे. कल्याणचा पिनकोड ४२१३०१ व डोंबिवलीचा ४२१२०१ आहे. ठाणे शहराचा ४००६०१ मात्र मुंबईप्रमाणे ४०० ने सुरू होतो. पहिल्या तीन अंकांवरून ठाणे जिल्ह्यातील विद्यार्थी वा कुटुंबे निवडू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हातून ४२१ घेतल्यास जिल्ह्याचे मुख्यालयच निसटते आणि ४०० घेतल्यास मुंबई त्यात मिसळते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी पालघरचा ४०१४०४ हा पिनकोड कायम राहिला. प्रशासकीय सीमा बदलली. टपालाची वाट बदलली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ओळख-क्रमांक अंकांत लिहिला जात असला तरी ते नाव आहे. त्याची बेरीज-वजाबाकी वा सरासरी निरर्थक ठरते. दुसरी, तो कोणत्या व्यवस्थेने दिला याची नोंद त्याच्यासोबत असली पाहिजे. प्रक्रिया-क्रमांकाच्या बाबतीत यंत्र व प्रक्रिया सुरू झाल्याची वेळही हवी. तिसरी, एका व्यवस्थेच्या संकेतांकावरून दुसऱ्या व्यवस्थेतील अर्थ गृहीत धरू नये. प्रवेशनोंदी व सर्वेक्षणे एकत्र करणाऱ्या महाविद्यालयांनी पिनकोड, वाहननोंदणी व इतर संकेतांक मजकूर म्हणून जतन करावेत आणि जिल्ह्याची नोंद स्वतंत्र रकान्यात ठेवावी. एवढी दक्षता न घेतल्यास निष्कर्ष चुकतात आणि ती चूक आकड्यांच्या नेटकेपणामुळे सहसा लक्षात येत नाही.