गणितीय स्थिरांकांचे अंक व माहितीचे संक्षेपण
पाय (वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे गुणोत्तर), ई, दोनचे वर्गमूळ यांसारख्या स्थिरांकांच्या दशांश विस्तारात एखादी माहिती कोठे येते ते शोधावयाचे आणि त्या माहितीऐवजी केवळ तिचा स्थानक्रमांक साठवावयाचा, अशी एक मोहक कल्पना आहे. अक्षरांना अंकांचे संकेत दिले असता सबंध ग्रंथही एका लांब संख्येच्या रूपात लिहिता येतो. तेव्हा ग्रंथाच्या जागी एक क्रमांक पुरेल, असे प्रथमदर्शनी वाटते.

या कल्पनेला आधार मिळतो तो एमील बॉरेल या फ्रेंच गणितज्ञांच्या १९०९ मधील सिद्धांताचा. जवळजवळ सर्व वास्तव संख्या ‘प्रसामान्य’ असतात, म्हणजे त्यांच्या विस्तारात समान लांबीचे सर्व अंकसमूह सारख्याच वारंवारतेने येतात, असे त्यांनी दाखविले. पाय प्रसामान्य आहे काय, हे मात्र अद्याप सिद्ध झालेले नाही. जॉन फोन नॉयमान यांच्या सूचनेवरून १९४९ मध्ये एनिअॅक या इलेक्ट्रॉनीय गणकयंत्रावर पायचे २,०३७ अंक सु. ७० तासांत काढण्यात आले, ते अंकांची वाटणी तपासण्यासाठीच.

१९९७ मध्ये जपानमधील यासुमासा कानाडा यांच्या गणनेत ०१२३४५६७८९ हा क्रम दशांश चिन्हानंतर १७,३८,७५,९४,८८० व्या स्थानी प्रथम आढळला. दहा अंकांचा पत्ता अकरा अंकी निघाला ! यात नवल नाही. दहा अंकी क्रम एकूण १,००० कोटी आहेत व प्रत्येकास वेगळा पत्ता हवा. म्हणून त्यांतील नऊ-दशांशाहून अधिक क्रमांचे पत्ते दहा किंवा अधिक अंकी असणारच. क्वचित लाभही होतो : ७६२ व्या स्थानापासून सहा नऊ ओळीने येतात, म्हणजे सहा अंकांचे काम तिहींत भागते. परंतु तीन अंकांपर्यंतचे पत्ते ९९९ च असल्याने सहा अंकी १० लाख क्रमांपैकी फार तर तेवढ्यांनाच ही सवलत मिळू शकते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या अवगम सिद्धांतानुसार संक्षेपण साधते ते माहितीतील पुनरावृत्ती व चिन्हांची असमान वारंवारता यांमुळे. पायच्या अंकांना त्यांचे सोयरसुतक नसते.

रशियन गणितज्ञ कॉल्मॉगॉरॉव्ह यांनी १९६५ मध्ये अंकक्रमाची जटिलता तो निर्माण करणाऱ्या सर्वांत आखूड आज्ञावलीच्या लांबीने मोजली. या मापाने स्वतः पायच अत्यंत संक्षेपणक्षम ठरतो, कारण त्याचे अब्जावधी अंक एका लहानशा आज्ञावलीतून मिळतात. सायमन प्लूफ यांना १९९५ मध्ये सापडलेल्या सूत्राने तर पायचा इच्छित स्थानावरील षोडशमान अंक आधीचे अंक न काढताही मिळतो. पत्ता वाचणे सोपे झाले, तो आखूड मात्र झाला नाही. अशा अंकांचा खरा उपयोग अन्यत्र झाला. १९९३ मध्ये ब्रूस श्नायर यांनी रचलेल्या ‘ब्लोफिश’ या गूढलेखन पद्धतीत आरंभीची कोष्टके पायच्या अंकांनी भरलेली आहेत.